पासपोर्टमधलं 'पोर्ट' म्हणजे नक्की काय?

हरिपूरची लेक (सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आईच्या पासपोर्टचा अर्ज भरायला बसले. भाऊ मस्कतला असतो, त्याच्याकडे तिला महिनाभर न्यायचंय. पंचाहत्तरी ओलांडलीय, आणि हा तिचा पहिलाच पासपोर्ट. आई मेथी निवडत होती, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक रकाना वाचून दाखवत होते. नाव, वडिलांचं नाव, जन्मठिकाण. मध्येच तिनं विचारलं, "पास कळला, यष्टीचा असतो तसा. पण पोर्ट म्हणजे बंदर की गं? मी तर विमानानं जाणार."

मी शाळेत गणित शिकवते. मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, मराठीत याला पारपत्र म्हणतात. तर ती लगेच म्हणाली, "हां, हे बरंय. पार जायचं पत्र."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. हे पोर्ट बंदराचंच का? आणि पारपत्र हे त्याचंच भाषांतर की आपला वेगळा शब्द? जाणकारांनी जरा फोड करून सांगावं, आईला समजेल असं.

घाटमाथा (सातारा)

ताई, आईंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पंधराव्या-सोळाव्या शतकात. मूळ फ्रेंच 'पासपोर'. 'पासे' म्हणजे ओलांडणं, पुढे जाणं. हे क्रियापद लॅटिन 'पासुस' वरून आलंय, त्याचा अर्थ पाऊल. आणि 'पोर' म्हणजे बंदर. मोठमोठे कोश बंदर हाच अर्थ धरतात. त्या काळी इंग्लंडातून युरोपात जायचं तर जहाजाशिवाय रस्ता नव्हता, तेव्हा बंदरातून सुटायची परवानगी म्हणजे पासपोर्ट. फ्रेंचमध्ये तर हा कागद आधी मालाचा होता. माल अडवू नये म्हणून व्यापाऱ्याच्या हातात द्यायचा दाखला.

'पोर्त' म्हणजे दरवाजा, शहराची वेस, असा अर्थ लावणारेही आहेत. वेशीतून आत सोडायचा कागद. पण मला खरी गंमत वाटली ती तिसऱ्या अर्थाची. जुन्या फ्रेंचमध्ये आणि पिरेनीज डोंगराच्या मुलखात 'पोर' म्हणजे डोंगरातली खिंड. फ्रान्स-स्पेनच्या सरहद्दीजवळ सँ-झाँ-पिए-द-पोर नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ सरळ 'खिंडीच्या पायथ्याचं सेंट जॉन'. समुद्र तिथून कितीतरी लांब.

आता आपल्याकडे बघा. घाट म्हणजे काय? कृष्णेवर माहुलीला पायऱ्या उतरून पाण्याशी जातो तोही घाट, आणि पाटणवरून चिपळूणला उतरतो तो कुंभार्लीचाही घाटच. पाण्याच्या कडेला एक, डोंगराच्या कडेला एक. शब्द तोच, कारण दोन्हीकडे काम तेच, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात उतरायची जागा. फ्रेंच माणसानं 'पोर' असाच दोन्हीकडे वापरला. रेल्वे नव्हती तेव्हा कराडचा माल बैलांवर लादून कुंभार्लीनं चिपळूणच्या बंदराला जायचा. म्हणजे घाट आणि बंदर एकाच वाटेची दोन टोकं. वाटेतल्या चौकीवर जकात. घाटपांडे आडनाव आपण रोज ऐकतो, ते घाटाची व्यवस्था आणि वसुली बघणाऱ्या वतनदारांचं.

त्यामुळे आईंना सांगा, पासपोर्ट म्हणजे 'घाट उतरायचा परवाना' म्हटलं तरी चालेल. विमान उडतं तीही उतरायची जागाच, म्हणून तर 'एअरपोर्ट'.

शब्दांचा नाद

वर घाटमाथा यांनी लिहिलंय त्याला पूर्ण सहमत. एक भर घालतो, कारण ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सारखी फिरते: फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं आपल्या मर्जीतल्या लोकांना सहीची पत्रं दिली आणि तिथून पासपोर्ट शब्द निघाला. हे खरं नाही. चौदावा लुई १६४३ ला गादीवर आला. त्याच्या आधी शंभरावर वर्षं हा शब्द इंग्रजी कागदांत सापडतो. आणि कागदाची चाल तर त्याहून जुनी. इंग्लंडात पाचव्या हेन्रीच्या वेळी, १४१४ साली, 'सेफ कंडक्ट' म्हणजे अभयपत्राचा कायदा झाला, तेव्हा पासपोर्ट शब्द इंग्रजीत रुळलेलाही नव्हता.

पैलतीर (वाई)

मी आता जे लिहितेय ते मला विद्यार्थिदशेत पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते.

ताईंनी विचारलं की पारपत्र हे भाषांतर आहे का. शब्द म्हणून ते आधुनिक काळात घडवलेलं आहेच. पण त्यातलं 'पार' आणि पासपोर्टमधलं 'पोर्ट' हे एकाच मुळाचे आहेत!

संस्कृतात 'पृ' धातू आहे, पलीकडे नेणं. त्यावरून 'पारयति', पलीकडे पोचवतो. त्यावरून 'पार', म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार. दोन्हींचा मूळ अर्थ वाट, पलीकडे जाण्याची जागा. ही सगळी एकाच आदिम धातूची लेकरं. हजारो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, एक शाखा इकडे आली, एक तिकडे गेली.

इंग्रजीत तर हा धातू दोनदा आलाय. एकदा लॅटिन-फ्रेंचमधून 'पोर्ट' होऊन, आणि एकदा त्यांच्या स्वतःच्या जर्मानिक घरातून. तिकडे 'प' चा 'फ' होतो. पितृ–फादर, पाद–फूट, तसं पार चं काय होतं? 'फेरी' म्हणजे नाव, 'फेअर' म्हणजे प्रवास आणि पुढे प्रवासाचं भाडं, 'फोर्ड' म्हणजे नदीचा उतार, पाणी उथळ असल्यानं चालत पार होता येतं ती जागा. ऑक्सफर्डमधलं फोर्ड तेच, बैल पार होतात तो उतार.

मराठीत हा 'पार' कुठे कुठे बसलाय ते बघा. पारंगत म्हणजे पार गेलेला. पारायण म्हणजे पार + अयन, पलीकडच्या टोकाला जाणं, ग्रंथ या काठापासून त्या काठापर्यंत वाचणं. तडीपार, तड म्हणजे तट, नदीचा काठ. हद्दपार. पोलीस ज्याला काठापलीकडे घालवतात तो तडीपार आणि सरकार ज्याला काठापलीकडे जाऊ देतं त्याच्या हातात पारपत्र.

तेव्हा आई जे म्हणाल्या, "पार जायचं पत्र", ती नुसती सोय नाही. शब्दाच्या मुळाशी त्या एका वाक्यात पोचल्या.

हरिपूरची लेक (सांगली)

पैलतीर ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला दोनदा वाचून दाखवला. फेरी, भाडं आणि उतार हे ऐकल्यावर ती एकदम बोलायला लागली. संगमावरून कोथळीला नाव जायची. तिची मावशी कोथळीला, म्हणून लहानपणी ती सारखी त्या नावेत. नावाडी पलीकडे गेल्यावर पैसे घ्यायचा, आधी नाही. आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की "नदीला उतार पडला" म्हणायचे, मग नाव नको, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बायका चालत पार.

आणि तिनंच मला विचारलं, "मग उतारू म्हणजे तोच ना, उतरणारा?" मी शब्दकोश काढून बघितला. उतारू म्हणजे नदी उतरून जाणारा, मग पुढे कुठलाही प्रवासी. एसटीत "उतारूंनी सुट्टे पैसे द्यावेत" वाचताना मला कायम वाटायचं की गाडीतून खाली उतरतो म्हणून उतारू. चाळीस वर्षं चुकीचं धरून चालले होते.

मोडी आणि मी (सातारा)

जुन्या कागदांत पारपत्र कुठेच मिळत नाही. तिथे फारसी शब्द: दस्तक, परवाना, राहदारी.

दस्तक मध्ये 'दस्त' म्हणजे हात. हा आपल्या 'हस्त' चाच फारसी भाऊ. अधिकाऱ्याच्या हातची खूण असलेला कागद म्हणजे दस्तक, तो दाखवला की नाक्यावर अडवायचं नाही. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहानं इंग्रजांच्या कंपनीला बंगालमध्ये जकातमाफीचं फर्मान दिलं, त्यावर कंपनी आपली दस्तकं देऊ लागली. कंपनीचे नोकर तीच दस्तकं खासगी व्यापारालाही वापरायला लागले, नवाबाचं उत्पन्न बुडालं, तंटा वाढला. १७५७ च्या प्लासीमागं जी कारणं सांगतात त्यात हे दस्तक येतंच. एका चिठ्ठीचा गैरवापर किती लांब जातो!

राहदारी म्हणजे वाटेची राखण, त्यासाठीची पट्टी, आणि वाटेनं जाऊ द्यायचा परवाना. आज तोच शब्द 'रहदारी' होऊन साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या गर्दीला लावतो. अर्थ उलटाच झाला. पूर्वी रहदारी म्हणजे मोकळं जाण्याची चिठ्ठी, आता रहदारी म्हणजे अडकून पडणं.

साताऱ्याचा विषय निघालाच आहे तर रंगो बापूजींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहून झगडले. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागायचं तो काळ. धनी बनारसमध्ये १८४७ साली वारले, सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं, तरी हा माणूस परक्या देशात दारोदार अर्ज करत राहिला. सीमोल्लंघन म्हटलं की आपण सोनं लुटून घरी येतो. माझ्या मनात मात्र रंगो बापूजी येतात.

पैलतीर (वाई)

मोडी सर, फारसीच्याही आधीचं एक सांगायचं राहिलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मुद्राध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. एक माषक (तेव्हाचं छोटं नाणं) घेऊन तो मुद्रा, म्हणजे शिक्का, द्यायचा, आणि ती जवळ असेल त्यालाच जनपदात यायला किंवा बाहेर जायला मुभा. नसेल तर बारा 'पण' (हेही तेव्हाचं नाणं) दंड. मुद्रा जवळ असणाऱ्याला तिथे शब्द काय वापरलाय माहितीये? 'समुद्र'. स-मुद्र, मुद्रेसह असलेला. अर्थ अगदी वेगळा, पण पासपोर्टच्या धाग्यावर हा शब्द भेटावा याचा मला फार आनंद झाला.

गलाईवाला (खानापूर)

सगळं वाचलं. तुम्ही लोक लई शिकलेले, मी नववी. तरी एक शब्द मला कोशात न बघता कळलाय, तो सांगतो. एमिग्रेशन.

आमच्या खानापूर-आटपाडीकडं पाऊस नाही, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला. सोनं-चांदी गाळायची, मूस भट्टीत ठेवायची, टंच काढायचा. भारतात असं शहर नाही जिथं आमचा माणूस नाही. चुलते काठमांडूला होते. त्यांना पासपोर्ट लागला नाही, १९५० च्या करारामुळं नेपाळला आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. त्यामुळं आमच्या घरात कुणाला पासपोर्ट ही चीज माहितीच नव्हती.

मी मात्र कुवेतला निघालो. एका एजंटानं पैसे घेतले, म्हणाला सगळे कागद झालेत. पहाटे तीनला मुंबईच्या विमानतळावर खिडकीवर उभा राहिलो. आतल्या साहेबानं पासपोर्ट उलटून ठप्पा बघितला आणि विचारलं, "क्लिअरन्स कुठंय?" मला शब्दच कळंना. ठप्पा होता ईसीआर, एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. दहावी पास नाही त्याला ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते, १९८३ चा कायदा आहे. एजंटानं ती काढलीच नव्हती. पिशवीत आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू, ते घेऊन परत विट्याच्या गाडीत बसलो. गावात शिरताना अंधार पडायची वाट बघितली.

नंतर रीतसर मंजुरी काढली. त्या हापिसाचं नाव प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. तिथं एका कारकुनानं, भला माणूस होता, मला कागदावर लिहून समजावलं. मायग्रेट म्हणजे जागा बदलणं. पुढं 'ए' लागला की बाहेर जाणं, 'इ' लागला की आत येणं. आपल्या गावच्या हिशेबानं तुम्ही एमिग्रंट, कुवेतच्या हिशेबानं इमिग्रंट. माणूस एकच, कुठनं बघतोय त्यावर शब्द.

मला ते आजपर्यंत विसरता आलं नाही. अकरा वर्षं तिकडं काढली. आई फोनवर "गेलाय" म्हणायची, आणि तिकडचे "आलाय" म्हणायचे.

ताई, तुमच्या आईंचा ठप्प्याचा विषय आधी बघून घ्या. भेटायला जाणाऱ्याला त्रास नाही, पण माहिती असलेली बरी. आणि एजंट अजिबात करू नका.

हरिपूरची लेक (सांगली)

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. एजंट केलेला नाही, अर्ज मीच भरला. ठप्प्याचं लक्षात ठेवते.

वकीलकाका (मिरज)

गलाईवाले, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. त्याला जोडून दोन गोष्टी.

पासपोर्ट उघडला की आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं एक मजकूर असतो, हिंदी आणि इंग्रजीत. बहुतेक जण वाचत नाहीत. या पुस्तिकेच्या धारकाला विनाअडथळा मोकळेपणानं जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं, अशी ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांना विनंती केलेली असते. बघा, भाषा धारकाला दरडावणारी नाही. ती समोरच्या देशाच्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. आपलं माणूस येतंय, सांभाळून घ्या. इंग्रजीत तिथे 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. 'लेट' म्हणजे तर जाऊ देणं, मग 'लेटशिवाय' कसं? इंग्रजीत लेट दोन आहेत. एक जाऊ देणारा, आणि एक जुना, आता जवळपास मेलेला, अडवणारा. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की 'लेट' म्हणतात, तिथे तो अजून जिवंत आहे. आणि पासपोर्टच्या या पानावर.

दुसरं. आपण पासपोर्टसाठी अर्ज करतो म्हणजे सरकारची मर्जी मागतो, असंच १९६७ पर्यंत होतं. त्या साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय सरकार पासपोर्ट नाकारू शकत नाही. त्यानंतर लगेच त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. मग १९७८ चा मेनका गांधी खटला, त्यांचाही विषय पासपोर्टचाच, जप्त केलेल्या पासपोर्टचा. आज देशातल्या कुठल्याही कोर्टात अनुच्छेद २१ वर वाद निघाला की वकील तो निकाल काढतो. मी स्वतः जमिनीच्या ताब्याच्या प्रकरणात काढलाय.

आणि ही पुस्तिका फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी लोक पासपोर्टशिवाय फिरत. युद्धात सरहद्दी आवळल्या त्या सैल झाल्याच नाहीत. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. भारतात येणाऱ्याकडे पासपोर्ट हवा, हा इंग्रजांच्या वेळचा कायदाही त्याच सालचा, १९२०.

शब्दांचा नाद

आणि व्हिसा? कुणी लिहिलंच नाही. लॅटिन 'विसा', म्हणजे पाहिलेलं. 'कार्टा विसा', कागद पाहिला. 'विदेरे' म्हणजे पाहणं, तो धातू आणि आपला 'विद्', वेद-विद्या मधला, एकच. बाकी पैलतीर ताई सांगतील.

पैलतीर (वाई)

तुम्ही सांगितलंत की सगळं. पाहिलं म्हणजे जाणलं, एवढंच.

हरिपूरची लेक (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. एक राहिलेली गोष्ट लिहिते.

अर्जात जन्मठिकाण लिहिताना आम्ही मायलेकी अडलो होतो. आईचा जन्म १९४६ चा, आजोळी, कुंडलला. तेव्हा कुंडल औंध संस्थानात. शेजारचं तासगाव मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या, दिवसांत माणसं ही हद्द ओलांडून पलीकडे गेली की इंग्रज पोलिसांना मागोमाग येणं अवघड व्हायचं. माझे आजोबा भाकरीचं गठुडं घेऊन रात्री शिवारातून जायचे. आई सांगते, बांधाच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं, आणि बांधावर बाभळ तीच. १९४८ ला संस्थान विलीन झालं. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. गाव जागचं हललं नाही, आणि आईनं वयाच्या चौदा वर्षांत तीन पत्ते बदलले. शेवटी लिहिलं: कुंडल, जिल्हा सांगली.

आज पोलीस पडताळणी झाली. हवालदार दादांनी विचारलं, "आजी, कुठं निघालाय?" तर ही म्हणते, "पार मस्कतला." पासपोर्ट पोस्टानं येईल. तिकिटं पुढच्या महिन्याच्या अखेरीची बघतेय, कारण ज्ञानेश्वरीचं पारायण अकराव्या अध्यायावर आहे आणि ते संपल्याशिवाय ती निघणार नाही.